नाव झाकून वाचलेला प्रश्न

चारकोपमधल्या आमच्या सेक्टरचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. पाणी किती वाजता जाणार, कोणाची मांजर हरवली, कोणत्या डॉक्टरकडे सध्या गर्दी कमी आहे, हे सगळं तिथे कळतं. हजाराच्या आसपास माणसं आहेत. ग्रुपचा पहिला नियम असा होता: ‘ग्रुपवर राजकीय मजकूर टाकू नये.’

हे वाक्य माझं. मरोळच्या एका छापखान्यात मी औषधांच्या खोक्यांतल्या घडीच्या कागदांची प्रुफं वाचण्यात नोकरी काढली, त्यामुळे आमच्या भागात माझं मराठी चांगलं आहे अशी एक समजूत आहे. ग्रुप ज्यांनी काढला ते गृहस्थ घरं भाड्याने लावून देण्याचा धंदा करतात. त्यांना सगळे अॅडमिनसाहेब म्हणतात. त्यांनी लिहिलं होतं, ‘पॉलिटिक्स नको प्लीज.’ मी त्याचं वाक्य केलं. राजकीय म्हणजे काय, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. दुसरा नियम त्यांचाच होता: एखाद्या पोस्टविरुद्ध पाच जणांनी अॅडमिनकडे खाजगीत तक्रार केली, तर पोस्ट जाणार आणि पोस्ट टाकणारासुद्धा. तक्रारदारांची नावं गुप्त.

महापालिकेच्या निवडणुकीचे वारे वाहू लागले तेव्हा समोरच्या इमारतीतल्या ताईंनी ग्रुपवर तीन वाक्यं लिहिली. ‘समाजमंदिरातल्या अभ्यासिकेत एका इच्छुकाचे बॅनर आणि बांबू ठेवले आहेत. मुलं जिन्यावर बसून अभ्यास करत आहेत. किल्ली कोणी दिली?’

ताई पालिकेच्या दवाखान्यात नर्स आहेत. बौद्ध कुटुंबातल्या, माहेर-सासर दोन्ही मराठवाड्यातलं. ती अभ्यासिका त्यांनीच सुरू केली होती. ड्युटीवरून आल्यावर त्या तिथे बसायच्या, आणि फॉर्मच्या तारखा, परीक्षांची वेळापत्रकं ग्रुपवर टाकायच्या. दुपारपर्यंत पाच तक्रारी गेल्या. पोस्ट गेली. ताई गेल्या.

त्या पाच तक्रारींपैकी एक माझी होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी बराच वेळ इतरांवर संशय घेणार आहे.

मी लिहिलं होतं, ‘सदर मजकुरामुळे नियम क्रमांक एकचा भंग होतो.’ मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. इच्छुक म्हणजे निवडणूक, निवडणूक म्हणजे राजकारण. ताईंनी अॅडमिनसाहेबांना लेखी अर्ज दिला: मला परत घ्या आणि माझा प्रश्न होता तसा परत लावा. साहेब म्हणाले, विषय कमिटीत घेऊ. कमिटी नव्हतीच. मग ताई फॉर्मच्या तारखा सांगायला दारोदार जिने चढू लागल्या. आमच्याही दारात आल्या. बायकोने त्यांना पाणी दिलं. मी पेपर वाचत होतो.

त्यानंतर ग्रुपवर शांतता नांदायला हवी होती. प्रत्यक्षात राजकारण शुभेच्छांमधून येऊ लागलं. कोणाचा वाढदिवस, कोणाची नियुक्ती, कोणाच्या हस्ते भूमिपूजन. एका फोटोखाली हार, दुसऱ्याखाली टोमणा, टोमण्याखाली कोणाच्या तरी वडिलांचा उल्लेख. दीडशे माणसांनी बाहेर पडून दुसरा ग्रुप काढला. त्या ग्रुपचा पहिला नियमही, अक्षर न बदलता, माझाच होता.

अशा वेळी अंधेरीहून एक संस्था आली. ऑनलाइन समूहांमधली राजकीय चर्चा सुधारायची, आणि त्यासाठी त्या समूहातल्याच चोवीस लोकांना सोडतीने निवडून त्यांची ‘नागरिक सभा’ भरवायची, असा त्यांचा कार्यक्रम होता. सभेने तीन रविवार बसायचं, माहिती घ्यायची, वाद घालायचा आणि शेवटी शिफारशी द्यायच्या. अॅडमिनसाहेबांनी त्या मान्य करायच्या, असं त्यांनी कॅमेऱ्यासमोर सही करून दिलं. ग्रुपवर राजकारण बोलायचं का, बोलायचं तर कसं, हा विषय. आणि त्यासोबत एक प्रत्यक्ष प्रकरण निकालात काढायचं: ज्यांना काढलं त्यांच्यापैकी परत यायचा अर्ज एकाच माणसाने केला होता, त्याचं काय करायचं. म्हणजे ताईंचं.

माझ्या मनात लगेच दहा शंका आल्या. संस्थेला पैसे कोण देतं. अॅडमिनसाहेबांना तिकीट हवंय का. आमची नावं, वयं, फोन नंबर शेवटी कुठे जाणार. सोडत म्हणजे नेमकं काय. आमच्या सेक्टरात बऱ्याच जणांचं घर सोडतीत लागलेलं आहे, त्यामुळे सोडतीवर लोकांचा विश्वासही भारी आणि तिच्याबद्दलच्या कथाही भारी. आणि मग माझ्याच नावाचं पत्र आलं.

“बघ, माझंच नाव बरं आलं,” मी बायकोला म्हटलं.

“चोवीसात कोणाचं तरी येणारच ना.”

“शुद्धलेखनाला फुकटचा माणूस हवा असेल त्यांना.”

ती मूळची मालवणची. राग आला की तिकडची होते. “तुमका कित्याक व्हयी ती सभा? नका जाऊ. घरात बसून भिंतीवर संशय घ्या.”

संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी आले. “काका, पत्र आलंय म्हणे. तुम्ही कशाला उन्हातान्हाचं, मी जातो ना.”

“सोडतीत नाव माझं निघालंय रे.”

“अहो, लेटरहेडवर पत्र आलं म्हणजे ते सोसायटीला आलेलं असतं. तुमच्या नावाने फक्त पाठवलंय.”

खरं म्हणजे मी जाणार नव्हतो. पण हा जातो म्हटल्यावर जावंसं वाटलं.

पहिल्या रविवारी शाळेच्या हॉलमध्ये दीपप्रज्वलन होतं. वर पंखा फिरत होता, त्यामुळे समई चार वेळा पेटवावी लागली. मग संस्थेच्या दोघांना शाल आणि श्रीफळ. मग अॅडमिनसाहेबांना संस्थेकडून रोप. मग साहेबांचं मनोगत. त्यात ‘लोकशाही’ हा शब्द इतक्या वेळा आला की मी मोजायचं सोडून दिलं. सभा चालवायला आलेली मुलगी तिशीच्या आतली असेल. हातात रंगीत चिकटचिठ्ठ्यांचे गठ्ठे घेऊन ती बाजूला उभी होती. बसायला तिला कोणी खुर्ची दिली नव्हती. पाऊण तासाने माइक तिच्या हातात आला. तिने यादी वाचायला घेतली आणि पहिल्याच नावाला अडकली.

“ह्या मॅडम आल्यात का?”

एक गृहस्थ उठले. “त्यांच्या वतीने मी. सोसायटीचा चेअरमन.”

“त्या का नाही आल्या?”

“त्या भाडेकरू आहेत हो. त्यांना काय कळणार ह्यातलं?”

दुसऱ्या नावाला सेक्रेटरी. तिसऱ्याला खजिनदार. चौथ्या नावाचा रिक्षावाला सोडतीत निघाला होता, त्याच्या जागी त्याच्या इमारतीचे माजी चेअरमन आले होते, कारण आजी चेअरमन गावी गेले होते. चोवीस नावांत सतरा पदाधिकारी निघाले. कोणीही लबाडी केली नव्हती, हे मला तेव्हाच दिसलं आणि ते जास्त भयंकर वाटलं. सगळे मनापासून आले होते. आमच्याकडे कुठूनही बोलावणं आलं की पदाधिकारी जातो. साध्या माणसाला उगाच कोण बोलावेल, असा प्रत्येकाचा प्रामाणिक समज होता.

मुलीने शांतपणे विचारलं, “सोडत काढली ती कशासाठी काढली, असं वाटतं तुम्हाला?”

“औपचारिकता,” माजी चेअरमन म्हणाले. बाकीच्यांनी माना हलवल्या.

तिने सभा तिथेच बरखास्त केली. पुढच्या रविवारी ज्यांचं नाव निघालं तीच माणसं आली पाहिजेत, नाहीतर सभाच नाही, म्हणाली. आठवडाभर ती आणि तिचा जोडीदार दारोदार फिरले. मला वाटलं होतं ती रडेल. माझा अंदाज चुकला, म्हणून मी तिच्यावर थोडा अधिक संशय घ्यायला लागलो.

दुसऱ्या रविवारी भाडेकरू मॅडम आल्या, रिक्षावाला आला, चिप्सच्या कारखान्यातली पॅकिंगवाली आली, कॉलेजातून गळालेली एक मुलगी आली. समई पेटली नाही. आम्हाला चार टेबलांवर बसवलं. ग्रुपवर पूर्वी आलेल्या पोस्टी पत्त्यांसारख्या जाड कागदावर छापून आणल्या होत्या. लिहिणाऱ्याचं नाव, फोटो, तारीख, सगळं काढून टाकलेलं. टेबलावर दोन डबे: एकावर ‘राजकीय’, दुसऱ्यावर ‘नागरी’. प्रत्येक पोस्ट वाचून एका डब्यात टाकायची.

माझ्या टेबलावर रिक्षावाला, भाडेकरू मॅडम आणि एक निवृत्त पोस्टमास्तर होते. पहिल्या पाच मिनिटांत आम्ही तीन पुढाऱ्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा दिलेल्या पोस्टी राजकीय डब्यात टाकल्या.

“ह्यात राजकारण कुठे आहे?” पोस्टमास्तर कुरकुरले. “शुभेच्छाच तर आहेत.”

“काका, मला बघा कोण शुभेच्छा देतंय का वाढदिवसाला,” रिक्षावाला म्हणाला. पोस्टमास्तरांनी पत्ता टाकला.

मग एक पत्ता आला. बागेतल्या बाकावर कोणीतरी बॅनरचे बांबू टाकलेत, म्हाताऱ्यांनी बसायचं कुठे, अशी पोस्ट होती. मला ती आठवत होती. ती आमच्या गावाकडच्या एका गृहस्थांनी लिहिली होती, आणि मी तिला अंगठाही दिला होता. नागरी डब्यात टाकली, वाद झाला नाही.

त्याच्या पुढचा पत्ता रिक्षावाल्याने वाचून दाखवला. “समाजमंदिरातल्या अभ्यासिकेत एका इच्छुकाचे बॅनर आणि बांबू ठेवले आहेत. मुलं जिन्यावर बसून...”

पत्ता पुरा वाचून व्हायच्या आत भाडेकरू मॅडम म्हणाल्या, “नागरी. सेम तर आहे मघाच्यासारखं.”

“नागरीच,” पोस्टमास्तर म्हणाले. “मुलांच्या अभ्यासाचा प्रश्न आहे.”

रिक्षावाल्याने माझ्याकडे बघितलं. “तुमचं काय?”

हा पत्ता मला पहिल्या तीन शब्दांत ओळखू आला होता. नाव झाकलेलं होतं तरी माझ्यापुरतं ते झाकलेलं नव्हतं. मी म्हणालो, “नागरी.”

चारही टेबलांवर तो पत्ता होता, आणि चारही टेबलांवर तो नागरी डब्यात पडला. मग सभा चालवणाऱ्या मुलीने नावं जाहीर केली. ताईंचं आडनाव आलं. पोस्टमास्तरांनी घसा साफ केला.

“नाव झाकलं होतं म्हणून गोंधळ झाला. नाव दिसलं असतं तर आपण बरोबर ओळखलं असतं.”

ते हे अत्यंत गंभीरपणे म्हणाले. कोणी हसलं नाही. मलाही हसू आलं नाही, कारण माझी तक्रार मी नाव बघूनच केली होती, फक्त मला तसं वाटलं नव्हतं.

मधल्या सुट्टीत मी त्या मुलीला गाठलं. “हे दोन पत्ते तुम्ही मुद्दाम पाठोपाठ ठेवलेत ना?”

“नाही काका. गठ्ठा पिसून ठेवलाय.”

“चारही टेबलांवर?”

“दोन टेबलांवर ते खूप लांब होते. विचारा हवं तर.”

मी विचारलं नाही. आजही माझा तिच्यावर पूर्ण विश्वास नाही. पण पत्ते लावलेले असोत की पिसलेले, नागरी म्हणणारं तोंड माझंच होतं.

प्रुफं वाचणाऱ्याला शंका आली की तो मूळ प्रत मागवतो. मी त्या आठवड्यात तसंच केलं. बुधवारी सकाळी ताईंची तीन वाक्यं, एक अक्षर न बदलता, मी माझ्या नावाने ग्रुपवर टाकली. बॅनर तेव्हाही अभ्यासिकेतच होते. माझं गणित असं की पाच तक्रारी जातील, मीही बाहेर होईन, आणि मग नियमच वाईट आहे, आपण वाईट नाही, असं मला म्हणता येईल.

तासाभरात बत्तीस अंगठे आले. ‘छान मुद्दा काका.’ ‘ज्येष्ठांनी बोललंच पाहिजे.’ अॅडमिनसाहेबांनी स्वतः लिहिलं, ‘लक्ष घालतो सर.’ सर. शुक्रवारी एक टेम्पो आला, बॅनर आणि बांबू गेले, आणि किल्ली समाजमंदिराच्या रखवालदाराकडे परत आली. एकही तक्रार झाली नाही.

मी ताईंना सांगायला गेलो. त्या भाजीवाल्याकडे उभ्या होत्या. बातमी त्यांना कळली होती. मला वाटलं होतं त्या खूश असतील.

“तुम्ही कशाला टाकलीत ती पोस्ट, काका?”

“खोली तर उघडली ना, ताई.”

“उघडली. पोरं बसली आजपासून, ते चांगलंच झालं.” त्यांनी मेथीची जुडी उलटीपालटी करून परत ठेवली. “पण आता परवा सभेत अॅडमिन काय म्हणेल? म्हणेल, प्रश्न तर सुटला, आता ह्या बाईला परत घ्यायचं कारण काय. मी विचारलं तर मी बाहेर. तुम्ही विचारलं तर टेम्पो. माझा प्रश्न पण तुमचाच झाला.”

मी त्यांनी ठेवलेली जुडी उचलली.

“ते पाच कोण, माहितीये का तुम्हाला?” त्यांनी विचारलं. “मला नाही माहीत. पण रोज यादी करते मनात. दवाखान्यात आपल्याच सेक्टरचे लोक येतात. दंडाला पट्टा बांधते, बीपी बघते, आणि मनात येतं, हा असेल का. ही असेल का. वैताग येतो हो. माणसावर असा संशय घेत जगायची सवय नव्हती मला.”

माझं बीपी त्यांनी पंधरा दिवसांपूर्वीच तपासलं होतं. मेथी न घेता मी घरी आलो.

बायकोला सगळं सांगितलं, तक्रारीसकट. तिला ती तक्रार माहीत नव्हती. तिने निवडायच्या तांदळाचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, “त्या दिवशी पाणी मी दिलं तिला. तुम्ही पेपर खाली नाही केलात.”

तिसऱ्या रविवारी ताई अर्जदार म्हणून आल्या होत्या, बाजूच्या खुर्चीवर. अॅडमिनसाहेब ताईंनी सांगितलं होतं तेच बोलले, जवळपास त्याच शब्दांत. “मूळ समस्येचं निराकरण झालेलं आहे. एका ज्येष्ठ सदस्यांनी विषय योग्य भाषेत मांडला, आपण तो मार्गी लावला. तेव्हा हा अर्ज आता निकाली निघालाय, असं मला वाटतं.” बरेच जण मान हलवत होते. माणसं दमली होती, जेवायची वेळ झाली होती, आणि निकाली हा शब्द कानाला बरा वाटतो.

मी हात वर केला. उभं राहून बोलायची मला सवय नाही, आणि जे बोललो ते भाषण नव्हतं. मी म्हटलं, “योग्य भाषा ताईंचीच होती. मी अक्षरही बदललं नाही. त्यांच्या वेळी पाच तक्रारी झाल्या, माझ्या वेळी एकही नाही. आणि त्या पाचांतली एक मी केली होती.”

पोस्टमास्तर म्हणाले, “हे सांगायची काही गरज नव्हती. नावं गुप्त आहेत.”

“माझं होतं. आता नाही.”

“पण का केली होती तक्रार?” रिक्षावाल्याने विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी नियम क्रमांक एक म्हणायला तोंड उघडलं, आणि मग बागेतल्या बाकाची पोस्ट आठवली. “बाकाच्या पोस्टला मी अंगठा दिला होता,” मी म्हणालो. “दोन्ही पोस्टींत बांबू होते. लिहिणारे वेगळे होते.”

ताई माझ्याकडे बघत होत्या. चेहऱ्यावर राग होता की नाही, मला सांगता येणार नाही. त्या एवढंच म्हणाल्या, “पाचातला एक कळला. चार राहिले.”

त्यानंतर अर्धा तास जो वाद झाला तो मी त्या ग्रुपवर कधी वाचलेला नाही. भाडेकरू मॅडम, ज्यांना ह्यातलं काही कळणार नव्हतं, त्यांनी मुद्दा मांडला की राजकीय काय हे ठरवायच्या फंदातच पडू नका. तक्रार करायची त्याने सगळ्यांसमोर, आपल्या नावाने करावी. कोणीतरी म्हणालं, मग तक्रारच कोण करणार? “तेच,” मॅडम म्हणाल्या. माजी चेअरमन निरीक्षक म्हणून मागे बसले होते; हे घातक आहे, असं ते दोनदा म्हणाले. मतदान झालं. नियम बदलायचा, आणि ताईंना परत घ्यायचं, त्यांच्या प्रश्नासकट. तेरा हात वर, नऊ खाली, दोघं चहाला गेले होते.

अॅडमिनसाहेबांनी चार दिवस काही केलं नाही. त्यांची सही कॅमेऱ्यासमोर झाली होती, याची त्या मुलीने त्यांना किती वेळा आठवण करून दिली कोण जाणे. पाचव्या दिवशी दुपारी ग्रुपवर एक रंगीत चित्र आलं: हात जोडलेले साहेब, मागे तिरंगा, वर ‘संवादाचा विजय’. ती पोस्ट राजकीय होती की नागरी, हे मी कोणाला विचारलं नाही. त्याखाली ओळ आली, की ताईंना ग्रुपमध्ये घेण्यात आलं आहे. मग साहेबांनी ताईंची जुनी पोस्ट लावली, तिच्याखाली आपल्याकडून ‘समस्या सुटली आहे’ असं जोडून.

दहा मिनिटांनी ताईंचा मेसेज आला. ‘खोली रिकामी झाली, धन्यवाद. माझ्या पोस्टमधल्या तिसऱ्या वाक्याचं उत्तर अजून आलेलं नाही.’

मी तो दोनदा वाचला. तिसरं वाक्य होतं, किल्ली कोणी दिली. जुनी सवय; अंगठा आपोआप तक्रारीच्या जागेकडे जात नाही ना, हेही बघून घेतलं.  मग स्क्रीनच्या वरच्या बाजूला आमच्या सेक्रेटरींचं नाव दिसलं, ते काहीतरी लिहीत होते. बराच वेळ लिहीत होते. मग ते नाव गेलं. थोड्या वेळाने पोस्टमास्तरांचं आलं, तेही गेलं.

“काय चाललंय?” बायकोने विचारलं.

“राहिलेले चार मोजतोय,” मी म्हणालो. “दोन झाले.”